दिवाळी अंकांच्या संपादकांना खुले पत्र: चार पानं यादीला द्या

सन्माननीय संपादक मंडळींस,

स.न.वि.वि.

येत्या दिवाळी अंकाची जुळवाजुळव आपल्याकडे सुरू झाली असेल. लेखकांना आठवणीचे फोन गेले असतील, जाहिरातींचे दर ठरले असतील, मुखपृष्ठवाले चित्रकार नेहमीप्रमाणे 'उद्या देतो' म्हणत असतील. ऐन गडबडीत लिहितो आहे, म्हणून मागणी आधीच सांगून टाकतो. अंकातली चार पानं एका यादीला द्या. वर्षभरात मराठीत वाचण्यासारखं जे जे आलं, मग ते इतर अंकांत असो, साप्ताहिकात असो, एखाद्या संकेतस्थळावर असो की सरकारी मंडळाने फुकट ठेवलेल्या जुन्या पुस्तकात असो, त्यातलं निवडक. कुणी लिहिलंय, कुठे मिळेल आणि का वाचावं याची एक ओळ. बस्स.

हे मी एका संपादकांना तोंडी सुचवून पाहिलं होतं. त्यांचं नाव इथे नको. माणूस चांगला आहे आणि अंकही मनापासून काढतो. ते म्हणाले, "अहो, यादी काय कुणीही करतं. वाचकाला लेख हवा असतो. यादी छापली की तो म्हणणार, यांना मजकूर कमी पडला." म्हणजे यादी हे भरताड. शेवटच्या क्षणी एखादी जाहिरात रद्द झाली, दोन पानं उघडी पडली, की तिथे 'आवर्जून वाचावीत अशी पुस्तके' टाकून मोकळं व्हायचं. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. छापल्या जाणाऱ्या बहुतेक याद्या खरोखरच भरताड असतात. पण वाचकाला यादीच नको असते, हे मात्र मला मान्य नाही, कारण मला रोज नेमकं उलटं दिसतं.

मी तालुक्याच्या गावातल्या एका वाचनालयात संध्याकाळी देवघेवीच्या टेबलावर बसतो. दिवाळी झाली की आमच्याकडे अंकांची योजना सुरू होते. ठरावीक वर्गणी भरायची आणि पुढचे काही महिने एकेक अंक बदलून न्यायचा. सभासद येतो, अंक हातात घेतो, सुरुवातीची जाहिरातींची गुळगुळीत पानं अंगठ्याने सरकवतो आणि अनुक्रमणिकेवर थांबतो. नावांवरून नजर फिरवतो. मग अंक उघडाच ठेवून माझ्याकडे बघतो आणि विचारतो, "यात वाचण्यासारखं काय आहे हो?" निवृत्त शिक्षिका विचारतात, बँकेतला नवा मुलगा विचारतो, दरवर्षी 'आता अंकांत काही राहिलं नाही' म्हणत सगळ्यात आधी वर्गणी भरणारे आमचे काकाही विचारतात. अनुक्रमणिका समोर उघडी असताना विचारतात. अंकात काय छापलंय ते त्यांना दिसतच असतं. कुणीतरी ते वाचून बघितलंय का, हे त्यांना हवं असतं.

यावर उपाय म्हणून आम्ही टेबलावर एक दोनशे पानी वही ठेवली, पेन सुतळीने बांधून. (पेन तरी जातंच.) अंक वाचून झाला की ज्याला वाटेल त्याने अंकाचं नाव, पान नंबर आणि एक ओळ लिहायची. वहीत काय असतं त्याचा मासला देतो. 'पान ८४ ची कथा वाचा, शेवट ओढूनताणून आणलाय पण आजी झकास.' 'परिसंवाद सोडा, सगळे तेच म्हणतात.' 'प्रवासवर्णन: फोटो चांगले.' या तिसऱ्या नोंदीत अख्खं परीक्षण आलं, असं माझं मत आहे. आता अंक बदलायला येणारा माणूस आधी वही चाळतो आणि मग कपाटाकडे वळतो. वहीत नाव आलेले काही अंक मार्चपर्यंत हातोहात फिरत राहतात, कोपरे दुमडून, पाठीवर चिकटपट्टी लावून. आणि काही जाडजूड, देखणे अंक तेव्हाही कोरे करकरीत असतात. त्या वहीत लेख एकही नाही. नुसती यादी आहे. पण आमच्या वाचनालयात सगळ्यात जास्त वाचलं जाणारं लिखाण तेच.

आता आपल्या अंकांकडे येऊ. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, त्याला शंभरावर वर्षं उलटली. आज दर दिवाळीला शेकडो अंक निघतात. जगातल्या फार थोड्या भाषांत एकाच सणाला एवढा मजकूर छापला जात असेल, आणि आपण भाषणांतून तो अभिमान मिरवतोही. पण त्या मजकुराचं पुढे काय होतं? ज्याचं नाव मोठं, त्याच्या कथांचा संग्रह निघतो. बाकीचं तुळशीच्या लग्नानंतर शिळं होतं आणि उन्हाळ्यात रद्दीत जातं. कुणी येऊन विचारतं, "आठदहा वर्षांपूर्वी एका अंकात ऊसतोड कामगारांच्या मुलांवर मोठा लेख होता, कुठला अंक तो?" मला सांगता येत नाही. आपल्यालाही आपल्या अंकाबद्दलच सांगता येईल, शेजारच्या नाही. लेख उत्तम असेल, त्यामागे कुणाचे सहा महिने गेले असतील, पण तो आहे कुठे हे सांगणारं कुणी नसेल तर तो छापला काय नि न छापला काय.

या बाबतीत आधीच्या पिढ्या आपल्यापेक्षा जागरूक होत्या. शंकर गणेश दाते यांनी मराठी ग्रंथसूची केली. पहिल्या भागात १८०० ते १९३७ या काळातली पुस्तकं, दुसऱ्यात १९३८ ते १९५०. पुढे नियतकालिकांतल्या लेखांच्या सूचीच्या कामातही ते होतेच. त्या सूचीला कुणी भरताड म्हटल्याचं माझ्या ऐकिवात नाही. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी पुस्तकांवर काम करायचं म्हटलं की आजही माणूस दात्यांचं बोट धरूनच निघतो. ग्रंथालयशास्त्राचे आचार्य एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली पाच नियम मांडले. त्यातला चौथा अगदी साधा आहे: वाचकाचा वेळ वाचवा. आमच्यासारख्या टेबलावर बसणाऱ्यांना पहिले तीन पाठ नसले तरी चालतं, चौथा नसून चालत नाही.

पण इथे एक फरक करायला हवा, नाहीतर माझी मागणी भलतीच वाटेल. दात्यांची सूची सर्वसमावेशक होती. मिळालं ते सगळं नोंदवायचं, बरंवाईट ठरवायचं नाही. अभ्यासकाला तशीच सूची लागते आणि ते काम संस्थांचं आहे, चार पानांत मावणारं नव्हे. मी मागतोय ती निवडीची यादी. तिची किंमत तिच्यात काय घेतलं यावर जितकी ठरते तितकीच काय गाळलं यावर ठरते.

इंटरनेटवर या दोन्ही जातींचं काय झालं ते पाहण्यासारखं आहे. १९९४ साली याहू सुरू झालं ते स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी केलेली संकेतस्थळांची यादी म्हणून. पुढे १९९८ मध्ये डीमॉझ नावाची निर्देशिका निघाली. स्वयंसेवक संपादक सगळ्या जगाची संकेतस्थळं विषयवार लावत बसायचे. याहूची निर्देशिका २०१४ च्या अखेरीला बंद झाली, डीमॉझ २०१७ मध्ये. सगळंच्या सगळं नोंदवण्याचं काम शोधयंत्र माणसापेक्षा कितीतरी वेगाने करतं, तिथे माणसाचा निभाव लागला नाही.

आणि त्याच १९९८ साली न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चला डेनिस डटन नावाच्या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाने 'आर्ट्स अँड लेटर्स डेली' सुरू केलं. जुन्या छापील वार्तापत्रासारखं दाट, चित्रांचा सोस नसलेलं पान. रोज तीन दुवे: एक लेख, एक पुस्तक-परीक्षण, एक निबंध. प्रत्येकाला दोनतीन वाक्यांचा चटकदार परिचय आणि शेवटी 'अधिक' वर बोट ठेवलं की तुम्ही दुसऱ्याच कुणाच्या दारात. स्वतःचा लेख म्हणून एकही नाही. अमेरिकेतल्या उच्च शिक्षणाच्या जगातलं एक प्रतिष्ठित साप्ताहिक २००२ मध्ये त्याचं मालक झालं. डटन २०१० मध्ये गेले, तरी ते पान चालूच राहिलं. ज्या संपादकांना 'वाचकाला दुसरीकडे पाठवलं की तो परत येत नाही' अशी धास्ती असते, त्यांनी याचा जरूर विचार करावा. त्या पानाचे वाचक दुसरीकडे धाडले जाण्यासाठीच तिथे येतात.

म्हणजे वाचक यादीची कदर करतो की नाही या प्रश्नाचं माझं उत्तर असं: करतो, पण यादी करणाऱ्याने त्यातली प्रत्येक गोष्ट स्वतः वाचलेली असेल तर, आणि ते वाचकाला ओळीओळीतून दिसत असेल तर. नसेल तर तो ढुंकून बघत नाही, आणि बरोबर करतो.

न वाचता केलेली यादी कशी असते हे सांगायला लांब जायला नको. '१००० मराठी पुस्तके मोफत पीडीएफ' हा निरोप आपल्याही मोबाइलवर आला असेल. दर दिवाळीला येतो, खाली 'पुढे पाठवा, वाचनसंस्कृती वाढवा'. दुवा दाबला की कुणाच्या तरी गूगल ड्राइव्हवर जातो आणि 'परवानगी मागा' म्हणून अडतो. उघडलाच तर आत 'स्कॅन ००१', 'स्कॅन ००२', 'नवीन (३)' अशा नावांच्या फाइली. काहींची पानं आडवी, काहींचा शेवट गायब, आणि बरीचशी पुस्तकं आज दुकानात विकायला असलेली, लेखक हयात असलेली. हे उघड चोरीचं दुकान झालं. पाठवणाऱ्याने त्यातलं एकही उघडून पाहिलेलं नसतं. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरचं वर्ष धरून साठ वर्षं स्वामित्वहक्क टिकतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन २०११ पासून मोकळं आहे. ते कुणीही, कुठेही, खुशाल ठेवावं. पण काल-परवा आलेल्या कादंबरीचं पीडीएफ पुढे पाठवणं म्हणजे वाचनसंस्कृती वाढवणं नव्हे. नीट यादी करणारा हे बघतो, आणि ते बघायला वेळ लागतो.

किती वेळ लागतो, याचा अंदाज यावा म्हणून एक उदाहरण. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाच्या प्रकल्पात स्कॅन झालेली असंख्य जुनी मराठी पुस्तकं आज इंटरनेट अर्काइव्हवर पडून आहेत. सोनं आहे, पण मातीत पुरलेलं. नोंदी बहुतांशी रोमन लिपीत, टंकणाऱ्याला जसं सुचलं तसं. 'ज्ञानेश्वरी' हवी तर 'डी-एन-वाय' ने शोधा, नाही मिळाली तर 'जी-वाय' ने, तरी नाही तर 'जे-एन' ने. कधी लेखकाच्या जागी प्रकाशकाचं नाव, कधी वर्ष चुकलेलं, कधी पहिलं पान वेगळ्याच पुस्तकाचं. म्हणून यादीत 'इंटरनेट अर्काइव्हवर उपलब्ध' एवढंच लिहिणं म्हणजे 'पुण्यात राहतात' असा पत्ता देण्यासारखं आहे. कुठल्या स्पेलिंगने शोधलं की सापडतं, कुठली प्रत स्वच्छ आहे, कुठलीत मधली पानं नाहीत, हे जो लिहितो त्याने काम केलं.

किंवा एक नोंद मीच लिहून दाखवतो, चार पानांत शोभेल अशी. 'मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, दुसरी आवृत्ती, १८५७. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर फुकट, शब्द टाकून शोधता येतो. य. रा. दाते-चिं. ग. कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि तुळपुळे-फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोशही तिथेच. घरातले आजीआजोबा वापरत असलेला एखादा शब्द अडला तर आधी दाते-कर्वे बघा, मग मोल्सवर्थ. महानुभाव गद्य वाचत असाल तर थेट तुळपुळे. आजच्या कॉलेजातल्या बोलीसाठी तिन्हींकडे जाऊ नका.' हे वाचायला अर्धं मिनिट लागतं. पण तीन वेगवेगळे कोश वापरून पाहिल्याशिवाय शेवटची तीन वाक्यं लिहिता येत नाहीत, आणि वाचकाच्या उपयोगाची तीच आहेत.

अशी पुष्कळ ठिकाणं आहेत. वाईला लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली सुरू झालेला मराठी विश्वकोश संपूर्ण ऑनलाइन आहे, त्यातल्या काही नोंदी अजूनही एखाद्या उत्तम निबंधासारख्या वाचता येतात. पण कुठल्या? साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात. त्यातली आज कुठली वाचवतात? विषयाची गोडी असलेल्या एखाद्या माणसाने हिवाळाभर बसून वीस नोंदी काढून दिल्या तर तुमच्या अंकातलं ते पान लोक कापून ठेवतील.

छापायचं कसं, याबद्दल थोडं. हातभर लांबीचा इंग्रजी पत्ता छापू नका, तो टंकून बघणारा वाचक मला अजून भेटलेला नाही. क्यूआर कोड चालेल, पण तो पानाच्या घडीत टाकू नका आणि शाईच्या गडद पट्ट्यावर तर नकोच. सगळ्यात टिकाऊ म्हणजे संकेतस्थळाचं नाव, लेखाचं शीर्षक, लेखक आणि तारीख. सरकारी संकेतस्थळांचे पत्ते तर नवा ठेकेदार आला की बदलतात. दुवा तुटला तरी शीर्षक आणि तारीख हाताशी असली की माणूस शोधून काढतो. दुसऱ्या दिवाळी अंकातला लेख असेल तर पान नंबर द्या, म्हणजे आमच्यासारख्यांची सोय होईल.

'आता एआयला विचारलं की झालं' असंही कुणी म्हणेल. जरूर विचारा. 'कोकणातल्या खलाशांवरचं मराठी लेखन सांग' म्हणा आणि येतील ती पुस्तकं ग्रंथालयात शोधून बघा. काही खरी असतील. काहींचं नाव सुरेख, लेखक ओळखीचा, प्रकाशकही नामांकित आणि पुस्तक मात्र कधी निघालेलंच नाही. आमच्या टेबलावर अशा चिठ्ठ्या घेऊन विद्यार्थी येऊ लागले आहेत. त्यांना 'हे पुस्तक नाहीच' हे पटवून देणं फार अवघड जातं.

एक भीती मलाही आहे, आणि ती मराठी साहित्यव्यवहार ओळखणाऱ्या कुणालाही असेल. याद्या छापायला लागल्या की अहो रूपम् अहो ध्वनिः सुरू होईल. तुम्ही आमचा लेख घ्या, आम्ही तुमची कथा घेतो. प्रकाशकाच्या अंकात प्रकाशकाचीच पुस्तकं. पुण्याच्या यादीत पुणे, मुंबईच्या यादीत मुंबई, आणि नांदेड, चंद्रपूर, बेळगाव, पणजीहून निघणारं काही वाचलंच न गेलेलं. यावर पक्का इलाज माझ्याकडे नाही. तरी दोन पथ्यं पाळता येतील. यादीवर एकाच माणसाचं नाव हवं, 'संपादक मंडळ' नको. म्हणजे निवड फसली तर दोष कुणाचा ते कळेल. आणि यादीत मित्राचं, नातलगाचं किंवा आपल्याच प्रकाशनाचं काही आलं तर तिथल्या तिथे तसं लिहायचं. वाचक समंजस असतो. मित्राचं आहे म्हणून तो पान उलटत नाही, लपवलंत तर मात्र पुढच्या वर्षी विश्वास ठेवत नाही.

त्या माणसाला मानधन द्या. लेखाला देता तेवढंच. चार पानांची यादी करायला त्याने चाळीस अंक चाळलेले असतील, त्यातले तीस बाजूला ठेवलेले असतील, आणि त्या तिसांचा अंकात कुठेही उल्लेख येणार नाही. 'यादीच तर आहे, नाव छापतोय ना' म्हणून हे फुकटात मागाल तर पुन्हा भरताडच मिळेल.

चार पानं अजिबातच निघत नसतील तर निदान एवढं करा. आपल्या अंकाची अनुक्रमणिका, शीर्षक, लेखक, विषय आणि पान नंबरासकट, दिवाळीच्या आठवड्यात इंटरनेटवर उघडी ठेवा. फोटो नको, शोधता येईल असा युनिकोड मजकूर. याला छपाईचा एक पैसा लागत नाही. मजकूर जुळवणाऱ्याकडे ती फाइल तयारच असते. मागच्या वर्षांच्या मिळाल्या तर त्याही टाका. ऊसतोडीच्या मुलांवरच्या त्या लेखाबद्दल विचारणारे गृहस्थ अजून येतात, त्यांना काहीतरी सांगता येईल.

अंक छापायला जाण्याआधी कुणाला यादीसाठी माणूस सुचत नसेल तर आपल्या गावातल्या वाचनालयात संध्याकाळी एक चक्कर मारा. कोण सगळं वाचतो ते टेबलावरच्या माणसाला माहीत असतं.

कळावे, लोभ असावा.

आपला,
देवघेवीच्या टेबलावरचा एक वाचक